पोलाद वरचं, काम आतलं

भिलाईत पोलादाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं अवघड. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तेव्हापासून विदर्भातून आणि त्यापलीकडून आलेल्या मराठी घरांच्या दोन-तीन पिढ्या प्लांटच्या भोंग्यावर जगल्या. त्यामुळे रविवारी संध्याकाळी सिविक सेंटरला, नेहरू आर्ट गॅलरीच्या बाजूला, एखाद्या स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या चाकाआड स्टीलच्या जाळीची चकचकीत ब्रेक लाईन दिसली, की पहिला प्रश्न ठरलेला: स्टील कुठलं? 304 जातीचं स्टेनलेस आहे ना? हा प्रश्न विचारायलाच हवा, पण सर्वांत आधी नव्हे. ब्रेडेड ब्रेक लाईन विकली जाते स्टीलच्या नावावर. ब्रेकचं काम मात्र त्या जाळीच्या आतली नळी आणि नळीची दोन टोकं करतात.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल दाबाखाली येतं आणि तो दाब चारही चाकांपर्यंत पोहोचतो. बॉडीखालून जाणारा बहुतेक मार्ग कडक धातूच्या पाइपचा असतो. पण चाक वरखाली होतं, पुढचं चाक वळतं, म्हणून शेवटच्या हातभर अंतरात लवचीक नळी लागते. हाच तो ब्रेक होज. कारखान्यातून येणारा होज रबराचा असतो: आत ईपीडीएम रबराची नळी, त्यावर धाग्याच्या विणीचे थर, वर पुन्हा रबर. ब्रेडेड लाईनमध्ये आतली नळी पीटीएफईची, म्हणजे आपण टेफ्लॉन म्हणतो त्याची असते. त्यावर स्टेनलेस तारेची घट्ट वीण असते आणि चांगल्या लाईनला वरून प्लास्टिकचं पारदर्शक किंवा रंगीत आवरण.

फरक पडतो तो फुगण्यात. जोरात ब्रेक मारल्यावर लाईनमधला दाब सहज 70 बारच्या पुढे जातो आणि रबरी होज त्या दाबाखाली थोडा फुगतो. समजा, चारही होज मिळून एक घन सेंटिमीटर जास्त फुगले. मास्टर सिलिंडरचा व्यास 22 मिलिमीटर असेल, तर ही जागा भरायला पिस्टनला सुमारे अडीच मिलिमीटर जास्त पुढे जावं लागतं. पेडलच्या तरफेचं प्रमाण एकास चार धरलं, तर पायाखाली हा फरक एक सेंटिमीटरचा होतो. ‘ब्रेक स्पंजी वाटतो’ अशी तक्रार असते, तिच्यातला एक वाटा हा. उरलेला वाटा बहुतेक वेळा लाईनमध्ये शिरलेल्या हवेचा किंवा पाणी धरलेल्या ब्रेक ऑइलचा असतो. होज बदलून तो जात नाही, उलट पैसे खर्च झाल्यावर तो जास्त खुपतो.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ब्रेडेड लाईनमुळे गाडी कमी अंतरात थांबत नाही. थांबण्याचं अंतर टायरची पकड ठरवते. चाकं लॉक होण्याच्या किंवा एबीएस चालू होण्याच्या टोकापर्यंत जुने ब्रेकही गाडीला नेतात. लाईन बदलून मिळते ती पायाखालची खबर. किती दाबलं की किती ब्रेक लागतो, याचा अंदाज नेमका येतो आणि वळणाच्या तोंडाशी ब्रेक हळूहळू सोडताना तोल राखता येतो. वेगाने गाडी चालवण्यात रस असलेल्याला याची किंमत मोठी वाटेल, आणि ती वाटावी. पण टायर झिजलेले, पॅड संपत आलेले आणि ऑइल कितीतरी वर्षं न बदललेलं असताना आधी ब्रेडेड लाईन घेणं म्हणजे क्रमच उलटा.

आपल्याकडे ही चर्चा बहुधा ज्या गाड्यांभोवती फिरते, त्या महाराष्ट्रातच जन्मलेल्या. चाकणची फोक्सवॅगन पोलो ही एक. दुसरी, माझ्या मते जास्त बोलकी, रांजणगावची फियाट अबार्थ पुन्टो. 2015 मध्ये आलेली ही हॅचबॅक 1.4 लिटर टर्बो इंजिनातून 145 पीएसची ताकद देत असे आणि तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. आज यातल्या पुष्कळ गाड्या जुन्या झाल्या आहेत, आणि त्यांचे मूळ रबरी होजही तितकेच जुने. दुर्ग-भिलाईचा मे महिना 45 अंशांना टेकतो. असा एकेक उन्हाळा रबर कडक करत नेतो, वाकणाच्या जागी बारीक भेगा पाडतो. कधी होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून जवळजवळ बंद झालेला असतो. अशा वेळी दाब आत जातो पण परत यायला वेळ लागतो, ब्रेक सुटत नाही आणि एका बाजूचं चाक तापत राहतं. म्हणून जुन्या गाडीवर ब्रेडेड लाईन बसवल्यावर जो ‘जमीन-अस्मानाचा फरक’ जाणवतो, तो पुष्कळदा नव्याचा आणि जुन्याचा फरक असतो. कंपनीचे नवे रबरी होज आणि ताजं ऑइल घातलं असतं, तरी त्यातला मोठा भाग मिळाला असता. ऑफिस, बाजार आणि वर्षातून दोनदा नागपूर एवढीच धाव असेल, तर मी तोच मार्ग सुचवीन.

बस्तरकडे जाताना केशकाल घाटातली ती बारा वळणं मनापासून आवडत असतील किंवा कधी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी न्यायचा बेत असेल, तर मात्र ब्रेडेड लाईनला अर्थ आहे. आता निवड.

इथे भिलाईतच एक मोठा मोह उभा आहे. नंदिनी रोडला, हथखोजला, ट्रान्सपोर्ट नगरच्या आसपास हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं आहेत. जेसीबीचा होज फुटला तर पाऊण तासात नवा दाबून देतात आणि हे लोक आपल्या कामात वाकबगार असतात. त्यांच्याकडे स्टीलच्या विणीचा होज असतो आणि तो 200-300 बारचा दाब सहज सोसतो. मग गाडीचा होज त्यांच्याकडूनच का करून घेऊ नये? कारण तो होज खनिज तेलासाठी बनलेला असतो. त्याची आतली नळी बहुधा नायट्राइल रबराची असते. गाडीचं ब्रेक ऑइल, ज्याला आपण डॉट 3, डॉट 4 म्हणतो, ते नावाला ऑइल असलं तरी खनिज तेल नाही. ते ग्लायकॉल ईथरचं रसायन आहे. त्यात नायट्राइल सुजतं, मऊ पडतं आणि त्याचे तुकडे सुटून एबीएसच्या बारीक मार्गांत जाऊन बसतात. उलट ईपीडीएम ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, पण खनिज तेलाचा स्पर्श झाला की फुगतं. दाब सोसण्याची ताकद तेव्हाच कामाची, जेव्हा नळी आणि आतला द्रव यांचं जमतं. त्याच दुकानात पीटीएफईच्या नळीचा, स्टेनलेस विणीचा होजही कधी मिळतो. रसायनाच्या बाजूने तो चालेल. पण तो स्थिर यंत्रावर बसण्यासाठी असतो. चाकाबरोबर लाखो वेळा वाकणं त्याच्या टोकांना सोसेल का, हे कुणी तपासलेलं नसतं.

टोकांचा मुद्दा खरा कळीचा आहे. ब्रेडेड लाईन मधोमध क्वचितच फुटते. ती जाते ती फिटिंगच्या तोंडाशी, कारण लवचीक वीण तिथे एकदम कडक धातूत शिरते आणि सगळं वाकणं त्या एका बिंदूवर येतं. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 106 या नियमात यासाठी वेगळी चाचणी आहे: होज दाबाखाली ठेवून 35 तास सतत गरगर हलवायचा. पूर्वीच्या पुष्कळ ब्रेडेड लाईन याच चाचणीत अडखळत. पुढे बनवणाऱ्यांनी फिटिंगला लागून आधार देणारी प्लास्टिकची कॉलर घालायला सुरुवात केली. तोच नियम बारीक होजने 4000 पीएसआयचा दाब दोन मिनिटं सोसावा आणि 7000 पीएसआयच्या आत फुटू नये, असं सांगतो. 7000 पीएसआय म्हणजे सुमारे 480 बार. आपल्याकडे हायड्रॉलिक ब्रेक होजसाठी आयएस 7079 हे मानक आहे. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा करा: हा होज कोणत्या मानकाप्रमाणे तपासला आहे आणि होजवर तसा छाप आहे का? ‘रेसिंग क्वालिटी’ हे त्याचं उत्तर नव्हे.

दुसरं, टोकं कशी जोडली आहेत? कारखान्यात यंत्राने दाबून बसवलेली टोकं रस्त्यावरच्या गाडीसाठी योग्य. पान्याने उघडून पुन्हा बसवता येणारी टोकं रेसच्या गाड्यांवर दिसतात, कारण तिथे प्रत्येक शर्यतीआधी कुणीतरी ती तपासतं. ज्यांना मापात होज मिळतच नाही त्यांची गोष्ट वेगळी. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासची दोन आसनी उघडी गाडी अजून जपणारे हौशी लोक आहेत. त्यांना होज बनवूनच घ्यावा लागतो. तो ब्रेक होजच बनवणाऱ्याकडून, जुना नमुना पाठवून आणि दाबाची चाचणी करून घ्यावा.

फिटिंग अॅल्युमिनियमची नकोत. निळी-लाल दिसतात छान, पण ती थकतात. झिंक चढवलेलं साधं स्टील चालतं, स्टेनलेस अधिक चांगलं. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा, म्हणजे बॅन्जो बोल्टचा, व्यास 10 मिलिमीटर म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याच व्यासाला एक मिलिमीटर आणि सव्वा मिलिमीटर अंतराचे असे दोन प्रकारचे आटे असतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे सहज फिरतो, मग अडतो, आणि तिथे जोर लावला की कॅलिपरचे आटे गेले. धातूच्या पाइपचं टोकही गाडीगणिक वेगळं. युरोपियन गाड्यांत ते बहुधा फुगीर गोलाकार असतं, जपानी-अमेरिकन गाड्यांत आत दुमडलेलं 45 अंशांचं. शिवाय एएन नावाची विमानांच्या जगातून आलेली फिटिंग 37 अंशांची. एक दुसऱ्यावर आवळून बसतं, ऑइलही लगेच गळत नाही, आणि नेमका पहिल्या जोराच्या ब्रेकला जोड सुटू शकतो. म्हणून गाडीचं मॉडेल, वर्ष आणि कॅलिपर पाहून बनवलेला पूर्ण संचच घ्यावा.

लांबी कंपनीच्या होजइतकी असावी. स्टीअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि चाक मोकळं लोंबतं ठेवून बघा. होज ताणलेला दिसता कामा नये आणि टायरला, स्प्रिंगला कुठेही घासता कामा नये. वरचं आवरण हवंच. इथल्या हवेतली धूळ नुसती माती नसते, लोखंडाचे आणि सिमेंटचे कण तिच्यात असतात. उघड्या विणीत ते शिरले की तारांच्या प्रत्येक हालचालीबरोबर आतली नळी घासली जाते. उघडी वीण शेजारच्या भागालाही करवतीसारखी कापत जाते.

आता भिलाईकरांचा आवडता प्रश्न. 304 म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. आपल्या प्लांटमध्ये रूळ आणि प्लेट होतात, स्टेनलेस होत नाही. आपला प्लांट ज्या ‘सेल’चा, त्या कंपनीचं स्टेनलेस मुख्यतः सेलमचं. खिशातलं लोहचुंबक लावून 304 ओळखायची सवय अनेकांना आहे. पत्र्यावर ती बऱ्यापैकी चालते, पण इथे फसवते. 304 ची तार थंड अवस्थेत ओढून बारीक केली की तिच्या रचनेचा काही भाग बदलतो आणि ती थोडी चुंबकाला ओढली जाते. म्हणजे चुंबक हलकेच चिकटलं म्हणून जाळी नकली ठरत नाही आणि चिकटलं नाही म्हणून होज चांगला ठरत नाही.

बसवताना तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे आणि आवळणं टॉर्क रेंचनेच. मिस्त्रीच्या हाताच्या अंदाजावर ही एक जागा सोडू नये. ऑइल गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला. डॉट 4 चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश असतो, 3.7 टक्के पाणी धरल्यावर तो 155 वर येऊ शकतो. घाट उतरताना पेडल तळाला जातं ते या पाण्यामुळे, म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. एबीएसच्या पंपात हवा शिरली असेल, तर ती नुसतं पेडल दाबून निघत नाही, स्कॅनर जोडून पंप चालवावा लागतो. काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा, दुसऱ्याला प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघायला सांगा, आणि मगच गाडी हलवा. आठवड्याभराने पुन्हा तेच. नंतर दर सर्व्हिसिंगला फिटिंगच्या तोंडाशी तार तुटलेली आहे का ते पाहा. एक तार जरी तुटलेली दिसली, तरी होज बदला. आतली नळी जाळीमुळे दिसत नाही आणि रबरासारखी आधी भेग दाखवत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे. म्हणून बदल करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, होजचं प्रमाणपत्र आणि बिल गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2015 मध्ये नोंदलेल्या अबार्थला 2030 मध्ये तपासणीसाठी उभं राहावं लागेल. तेव्हा चाकाआडची ती जाळी पाहून निरीक्षक विचारेल, तर दाखवायला हे कागद हाताशी हवेत.