हलक्या सुईचा घाव

‘टर्नटेबलच्या सुईवरचा भार जितका कमी, तितकी रेकॉर्ड जास्त टिकणार ना?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. आजोबांच्या एलपी माळ्यावरून खाली आल्यापासून त्यांनी सुईचा भार एक ग्रॅमवर आणून ठेवला आहे. माया समजते, पण ती रेकॉर्डच्याच मुळावर येते.

खड्ड्यांच्या रस्त्यावर रिकामी एसटी आदळत जाते, भरलेली दबून चालते. सुईचंही तसंच. हिऱ्याचं टोक खाचेच्या दोन्ही भिंतींना सतत टेकून राहायला हवं. भार अपुरा असला की एखाद्या जोरकस तानेला ते भिंत सोडतं आणि परत येऊन आपटतं. तो ओरखडा कायमचा. पुरेशा भाराखाली मात्र विनाइल क्षणभर दबतं आणि पुन्हा सावरतं. सुई धरणाऱ्या बहुतेक कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम लागतात. कंपनीने दिलेल्या मर्यादेतला वरच्या बाजूचा आकडा धरा आणि तो छोट्या डिजिटल काट्यावर तोलून घ्या. सोनेरी मुलाम्याच्या केबलींवर हजारो रुपये उधळणाऱ्यांकडे नेमका हा काटा नसतो!

खरी गंमत कोनाची आहे. मूळ तबकडी कोरणारं यंत्र त्रिज्येवरून सरळ सरकतं. आपला टोनआर्म एका टोकाशी अडकवलेला, त्यामुळे तो कमानीत फिरतो. या दोन वाटा जुळायच्या कशा? स्वीडनच्या एरिक लोफग्रेन यांनी 1938 मध्ये त्याचं गणित सोडवलं. सुई तबकडीच्या मध्यापलीकडे किंचित पुढे जाईल असं बघायचं आणि कार्ट्रिज तिरकं बसवायचं. मग कोनाची चूक दोन ठिकाणी शून्य होते, इतरत्रही आटोक्यात राहते. 1941 मध्ये बेअरवाल्ड जवळपास त्याच उत्तराला पोचले, इंग्रजीत. लोफग्रेन यांचा लेख जर्मनमध्ये होता. आज हा कोन जुळवायच्या पट्टीवर, म्हणजे प्रोट्रॅक्टरवर, बहुधा बेअरवाल्ड यांचंच नाव दिसतं, आणि मला ते खटकतं. एलपीसाठी या दोन जागा मध्यापासून सुमारे 66 आणि 121 मिलिमीटरवर येतात. दोन्हीकडे कार्ट्रिज प्रोट्रॅक्टरच्या रेघांना समांतर दिसलं की झालं.

या तिरकेपणाची किंमत मोजावी लागते. घर्षणामुळे आर्म आत ओढला जातो आणि खाचेची आतली भिंत जास्त झिजते. अँटी-स्केटचं बटण त्यासाठीच असतं. सुरुवातीला ते भाराच्याच आकड्यावर ठेवा. अर्थात टर्नटेबलच तिरकं असेल तर हे सगळं वाया, म्हणून आधी लेव्हल बघा.

माळ्यावर नाट्यसंगीताच्या 78च्या तबकड्याही असतील, तर त्यांना एलपीची सुई लावू नका. तिच्या टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन. 78ला सुमारे 75 लागते. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी रगडत जाते. आणि या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.