शिकलेली सवय मोडते तेव्हा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टी व दरडींनी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यावर आघात केला. दोन्ही वेळी अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. अशा वेळी धान्य, कपडे, औषधे यांची चिंता साहजिकच आधी होते. परंतु 'शी', 'शू' सांगू लागलेले दोन-तीन वर्षांचे मूल पुन्हा कपडे ओले करू लागते, तेव्हा आधीच त्रासलेली आई हात उगारते. येथेच सावध राहावयास हवे.

मलमूत्रावर ताबा साधारणतः दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येऊ लागतो. रात्रीचा ताबा त्याहून उशिरा येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे वावगे नाही. नवी सवय कच्ची असते. महापूरच कशाला, घरात नवे भावंड येणे, आजारपण, अंगणवाडीचा पहिला आठवडा किंवा ऊसतोडीच्या हंगामात तळावरचा मुक्काम, एवढेही ती मोडण्यास पुरते. हा हट्ट नव्हे.

बद्धकोष्ठाचे चक्र

रागावल्याने किंवा चारचौघांत लाजविल्याने मूल शी दाबून धरते. मळ कठीण होतो, बसताना दुखते, म्हणून ते आणखी दाबते. तुंबलेल्या आतड्याचा भार मूत्राशयावर पडून कपडे वारंवार ओले होतात. कधी कठीण मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपतो आणि घरचे त्यास जुलाब समजतात.

उपाय साधे आहेत

कपडे न बोलता बदलावेत. काही दिवस आग्रह सोडावा. जेवणानंतर आतड्यास स्वाभाविक चालना मिळते. त्या वेळी पाच मिनिटे बसवावे. शौचालयाच्या मोठ्या भांड्याची भीती वाटत असल्यास लहान भांडे द्यावे, अथवा जुन्या रीतीने आईने आपल्या पायांवर बसवावे. आहारात भाकरी, पालेभाजी, पेरू व पुरेसे पाणी असावे. जमले त्या दिवशी कौतुक करावे. न जमल्यास शिक्षा करू नये.

लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही रोग पसरतात. ती शौचालयातच टाकावी व साबणाने हात धुवावेत. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले; त्यातून गावोगाव रुजलेला स्वच्छतेचा विचार घरातील सर्वांत लहान माणसालाही लागू आहे.

लघवीला जळजळ, ताप, शीतून रक्त, अथवा फार तहान लागून वारंवार लघवी होणे अशी लक्षणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात विनाविलंब दाखवावे. एरवी घर सावरले की मूलही सावरते. तोवर त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो देणे घरातल्या मोठ्यांच्याच हाती असते.