पत्ते, पाणी आणि पगार

वीकेंडला गोवा, गोव्यात शिप आणि शिपवर पोकर! आपल्या गँगचा हा नवा फंडा एकदम सही वाटतो खरा. पण तो खिशाला किती पडतो?

सोलापूरकरांचा आणि समुद्राचा संबंध तसा लांबचाच. आपलं पाणी म्हणजे उजनीचं, तेही काही दिवसांआड नळाला येणारं. पाण्याकाठी फिरायचं तर कंबर तलाव. पण ज्या चिमणीवरून गावात इतका वाद पेटला, ती सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पडली, आणि 9 जून 2025 ला होटगी रोडच्या विमानतळावरून फ्लाय91 चं विमान गोव्याला उडालं. पूर्वी रात्रभर बसमध्ये मान अवघडून गाठायचा तो गोवा एकदम शेजारच्या गल्लीत आल्यासारखा झाला. आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये एक प्रश्न वारंवार ऐकू यायला लागला, ‘शिपवर येतो का बे?’

ही शिप म्हणजे पणजीची कॅसिनो बोट. मंडळींना बीचचा आता कंटाळा आलाय. एक रात्र शिपवर काढली, की सोमवारी सांगायला काहीतरी होतं. त्यातही रूले, स्लॉट मशीन हे ‘अंकल लोकांचं’. यंग पब्लिकला हवा असतो पोकर. डोक्याचा खेळ, गॉगल, चिप्सचे ढीग, एकदम फिल्मी. मीही गेले, पाहिलं, थोडं खेळले आणि बरंच विचारलं. त्यातून हाती लागलेला हा हिशेब.

शिप, जी कुठेच जात नाही

पहिला धक्का हाच, की शिप हलत नाही! पणजीच्या जेटीवरून छोटी फीडर बोट तुम्हाला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजावर सोडते. डेल्टिन रॉयल, मॅजेस्टिक प्राइड, बिग डॅडी ही त्यातली गाजलेली नावं. नदीत उभं राहून पत्ते खेळायचं कारण कायद्यात आहे. गोव्याचा जुगारबंदी कायदा 1976 चा. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी मिळाली आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलवरच्या खेळांना वाट मोकळी झाली. म्हणून हे सगळं वैभव पाण्यावर.

दारात वय तपासतात, 21 पूर्ण हवं. पॅकेजमध्ये जेवण, ड्रिंक्स आणि काही चिप्स असतात. या फुकटातल्या चिप्स बहुतेक वेळा ‘वन टाइम प्ले’ असतात, म्हणजे एकदाच लावता येतात आणि कॅशिअरकडे देऊन त्यांचे पैसे मिळत नाहीत. ‘पॅकेजमध्ये वसूल होतंय की’ म्हणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आणि एक गंमत बघा. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे ज्या राज्याने ही दुकानं उघडली, त्याने स्वतःच्या पोरांना उंबऱ्याबाहेर ठेवलं. आत कोण? तर सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव, हैदराबादची पोरं.

तीन पत्ती येते? मग जपून!

दिवाळीच्या रात्री तीन पत्ती खेळत मोठे झालेले आपण. ‘तिरट’ आणि ‘मन्ना’ हे शब्द तर पेपरातल्या पोलीस छाप्याच्या बातम्यांतून पाठ झालेले. त्यामुळे पोकरच्या टेबलावर बसताना कॉन्फिडन्स भरपूर असतो आणि तिथेच गडबड होते.

टेक्सास होल्डेम हा पोकरचा सगळ्यात चालणारा प्रकार. तुमच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी पाच, आणि या सातांतून सर्वोत्तम पाच पानांचा हात. तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा मोठा असतो, पोकरमध्ये उलटं! याचं कारण साधं गणित आहे. तीन पानांत साधे सिक्वेन्स 720 प्रकारांनी जमतात आणि कलर 1,096 प्रकारांनी, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत साधे सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. तिथे कलर दुर्मीळ होतो, म्हणून तो वर. माझ्या शेजारी बसलेला एक जण सिक्वेन्स आला म्हणून सगळ्या चिप्स पुढे सरकवून मोकळा झाला. समोर कलर होता. त्याचा चेहरा अजून आठवतो.

आणखी एक आकडा. हातात दोन एक्के येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. डीलर पत्ते वाटतो तेव्हा तासाला जेमतेम 25-30 डाव होतात. म्हणजे हिशेबाने रात्रभर बसलात तर एकदा. उरलेल्या वेळात चांगला खेळाडू काय करतो? पत्ते टाकून देतो. एवढा प्रवास करून, एवढे पैसे भरून आलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही.

टेबलाचा खरा मालक

रूलेमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता. एक शून्य असलेल्या चाकावर 37 घरं असतात आणि कॅसिनोचा फायदा 2.7 टक्के. पोकरमध्ये तुम्ही एकमेकांविरुद्ध खेळता. मग कॅसिनोला काय मिळतं? प्रत्येक पॉटमधला कट, ज्याला ‘रेक’ म्हणतात.

हिशेब मांडूया. आठ जण प्रत्येकी 10 हजार घेऊन बसले, टेबलावर एकूण 80 हजार. सरासरी पॉट 2 हजारांचा आणि रेक 5 टक्के धरला तर प्रत्येक डावाला 100 रुपये गेले. तासाला 25 डाव, म्हणजे अडीच हजार. चार तासांत 10 हजार! एका माणसाचे सगळे पैसे कुणीही न जिंकता टेबलावरून गायब. आठही जण सारखेच हुशार असले, तरी प्रत्येक जण सव्वा हजाराने मागे.

त्यावर टॅक्स. 1 ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत चिप्स घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. यातला किती भार कॅसिनो उचलतो आणि किती तुमच्या माथी मारतो, ते पॅकेज घेतानाच विचारा. जिंकलात तर त्या रकमेवर 30 टक्के आयकर, वर सेस. मागच्या वेळचं नुकसान त्यातून वजा करता येत नाही. हे ऐकून आमच्या ग्रुपमधला एक सीए म्हणाला, ‘यापेक्षा एफडी बरी की!’

खऱ्या क्रूझवर काय चालतं?

चालणाऱ्या जहाजावरचा पोकर ही वेगळी मजा. साधारणपणे जहाज बंदरात असेपर्यंत कॅसिनोला कुलूप असतं आणि किनाऱ्याचा कायदा मागे पडला की ते उघडतं. देशाचं सागरी क्षेत्र 12 नॉटिकल मैलांचं. भारतीयांना याची चटक तशी जुनी आहे. आधी सिंगापूरची ‘सुपरस्टार व्हर्गो’, मग 2005 मध्ये मुंबईत आलेली ‘सुपरस्टार लिब्रा’, आणि 2021 मध्ये मुंबईहून सुरू झालेली कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’.

क्रूझवर पोकर खेळून नशीब काढलेलेही आहेत. 2004 मध्ये एरिक लिंडग्रेन या अमेरिकन खेळाडूने समुद्रात चालत्या जहाजावर झालेली ‘पार्टीपोकर मिलियन’ स्पर्धा जिंकून 10 लाख डॉलर कमावले. पण ती स्पर्धा होती आणि तो प्रोफेशनल. सुट्टीच्या क्रूझवर बहुधा एखाददुसरंच टेबल असतं, त्यामुळे रेक जास्त असला तरी दुसरीकडे जायची सोय नाही. समोरचे खेळाडू मात्र तुमच्याआमच्यासारखेच हौशी, एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात पत्ते. आणखी एक धोका म्हणजे केबिनचं कार्ड. अनेक मोठ्या जहाजांवर तेच कार्ड दाखवून चिप्स घेता येतात. पाकीट उघडावं लागत नाही, म्हणून पैसे जाताना दिसत नाहीत. बिल येतं शेवटच्या दिवशी.

दोघांची गोष्ट

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. माहेर सोलापूर, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. ती वर्षातून एकदा टूर्नामेंट खेळायला गोव्यात जाते. फी ठरलेली, ती संपली की खेळ संपला. ‘मी हे ट्रेकिंगसारखं धरते. ट्रेकला गेल्यावर पैसे परत मागतो का आपण?’ असं तिचं म्हणणं. टेबलावरचे पुरुष तिला हलक्यात घेतात, तिला ते आवडतं. फायदा होतो ना!

दुसरा मित्र इथलाच, फायनान्समध्ये. वडिलांची हयात चादरीच्या कारखान्यात गेली. पहिल्याच रात्री त्याने 18 हजार जिंकले आणि परतीच्या प्रवासात सगळ्यांना पार्टी दिली. पुढच्या सहा महिन्यांत तो आणखी तीनदा गेला, मधल्या रात्री मोबाइलवर खेळला. क्रेडिट कार्ड भरलं, मग लोन अॅप, मग बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतले दीड लाख. घरी कळलं तेव्हा वडील ओरडले नाहीत, फक्त दोन दिवस जेवले नाहीत. त्याने बुलेट विकली, आता दर महिन्याला पगारातून थोडे थोडे बहिणीच्या खात्यात टाकतो. मी हे लिहू का, असं विचारलं तर म्हणाला, ‘नाव सोडून सगळं लिही. हरलो ती रात्र स्वस्तात गेली असती बे, जिंकलो ती रात्र लै महाग पडली.’

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला आणि पोकरच्या कंपन्यांनी असे गेम्स बंद केले. त्यामुळे मोबाइलवरचं भूत उतरलं, पण तीच हौस आता बोटीकडे वळू शकते. महाराष्ट्रात तर कॅसिनोचा प्रश्नच मिटलाय. 1976 मध्ये केलेला कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. तेव्हा गावात कुणी फ्लॅटवर टेबल लावून कट घेत असेल, तर तिकडे पाऊलही टाकू नका. तो क्लब नाही, अड्डा आहे.

जाणार असाल तर...

• रक्कम घरूनच ठरवा आणि तेवढीच कॅश न्या. कार्ड हॉटेलच्या लॉकरमध्ये.
• कॅश गेमपेक्षा टूर्नामेंट निवडा. जास्तीत जास्त किती जाणार, ते आधी कळतं.
• रेक किती, त्याला कमाल मर्यादा आहे का, हे बसण्याआधी विचारा.
• फुकटची दारू खेळून झाल्यावर.
• घड्याळात गजर लावा. वाजला की उठा, जिंकत असाल तरी.
• मित्राकडून उसने घेऊ नका, मित्राला देऊ नका.
• थांबता येत नाही असं वाटलं, तर सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा.

पोकर वाईट असं मी म्हणणार नाही. माणसं वाचायला, गप्प बसायला आणि हातातलं सोडून द्यायला शिकवणारा असा खेळ क्वचितच सापडेल. जमलंच तर आधी घरी गच्चीवर, शेंगाच्या चटणीसोबत, काड्यापेटीतल्या काड्या लावून महिनाभर खेळा. काड्याही टिकवता येत नसतील, तर गोव्यात जा, फिश थाळी खा आणि शिपचे फोटो जेटीवरूनच काढा. मांडवीवरचे ते दिवे लांबूनही मस्त दिसतात.