गोळ्यांची पिशवी (घरातलं दुखणं : भाग 7)

मागच्या भागात आण्णांच्या सहीपाशी थांबलो होतो. उसाचं बिल काढायला गेले, तर बँकेतून स्लिप परत आली, सही जुळेना. पहिली दोन अक्षरं नेहमीसारखी, पुढची मुंगीएवढी. त्याआधी महिनाभर चालताना चप्पल पायातून सुटायची. "काय न्हाई, दमलोय," एवढंच म्हणायचे. पहिल्या डॉक्टरांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन सांगितला, गोळ्या सुरू केल्या. फरक पडेना.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं म्हटल्यावर आत्यानं विचारलंच, "पयल्या डॉक्टरास्नी काय वाटंल?" कागलसारख्या गावात हा प्रश्न खरा आहे, उद्या तेच डॉक्टर बाजारात भेटणार. पण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घ्यायचा हक्क स्पष्ट लिहिलाय. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितलेली कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात. आम्ही मागितली, मिळाली. कुणी रागावलं नाही.

कोल्हापूर, मिरज की बेळगाव, यावर घरात आठवडाभर खल झाला. काय घेऊन जायचं, यावर कुणी बोललं नाही, आणि गोम तिथंच होती. एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते. घरातल्या चालण्याचा व्हिडिओही हवा, कारण दवाखान्यात म्हातारा माणूस नेट लावून चालतो.

कोल्हापूरच्या न्यूरॉलॉजिस्टबाईंनी घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या होत्या. आईनं फळीवरची पिशवी तशीच हातात दिली. त्यातून पित्ताची गोळी निघाली. आण्णा ती वर्षभर रोज उपाशीपोटी घेत होते, मेडिकलमधून परस्पर आणून. "पित्ताची गोळी म्हंजे काय औषध व्हय?" म्हणून कुठल्याच डॉक्टरांना सांगितली नव्हती. तिच्यात ॲसिड कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला लेव्होसल्पिराइड होतं. हालचालीसाठी मेंदूला डोपामिन लागतं. हे औषध डोपामिनची वाटच अडवतं. चक्करेसाठी वर्षानुवर्षं चालू ठेवलेल्या सिनारिझिननंही असंच होऊ शकतं. दिसायला हुबेहूब पार्किन्सन, आणि वाट अडलेली असताना पार्किन्सनच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बी12 आणि थायरॉइड तपासायला दिलं. डोक्याला कधी मार लागला होता का, हेही खोदून विचारलं. उतारवयात साध्या धक्क्यानंही कवटीत हळूहळू रक्त साचतं आणि लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. यातलं काही निघालं असतं, तर त्यावर इलाज होता.

ती गोळी त्यांच्या सांगण्यावरून बंद केली. औषधानं आलेलं हे दुखणं ओसरायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. ओसरलंच नाही, तर आत खरा पार्किन्सन असण्याची शक्यता राहते. दोन्ही गोष्टी बाईंनी आण्णांना समोर बसवून सांगितल्या.

सहा आठवडे झाले. रात्री जेवण झालं की आण्णा जुन्या वहीत एक सही करतात, खाली तारीख घालतात. कालच्या सहीतली शेवटची अक्षरं अजून बारीकच आहेत.