दोन इंच खाली

सकाळी ६.४५

श्टुटगार्टमध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेसातला अजून काळोख असतो. घड्याळं तासभर मागे घ्यायचा रविवार तोंडावर आलेला असतो, पण आलेला नसतो. टायरच्या दुकानाचं शटर वर केलं की आधी दाराजवळच्या थर्मामीटरकडे नजर जाते. आज ४ अंश. रेडिओवर सांगतायत की श्वेबिशे आल्बच्या डोंगरावर रात्री बर्फ पडू शकतो. म्हणजे आज टेलिफोन खाली ठेवायची सोय नाही.

अमुक तारखेला हिवाळी टायर लावा, असा कायदा जर्मनीत नाही. २०१० साली नियम नीट लिहिला गेला तो एवढाच: रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दंव असेल तर गाडीला हिवाळी टायर हवेतच. नसतील तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक नोंदवहीत आपल्या नावावर एक काळा गुण. कायद्यानं तारीख दिली नाही म्हणून लोकांनीच ठरवून टाकली, ऑक्टोबर ते ईस्टर. आणि अख्ख्या गावाला ती एकाच सकाळी आठवते.

पहिलं काम काउंटरवरचं नाही. आज लागतील असे टायर कालच गोदामातून आत आणून ठेवलेत, त्यांना हात लावून बघायचा. रुंद आणि बुटके टायर गार असताना रिमवर चढवले तर कडेला इजा होते. रबर आतपर्यंत किमान १५ अंशांवर यावं लागतं, वरवर ऊबदार लागून भागत नाही. घाईच्या दिवसांत हीच गोष्ट पहिली विसरली जाते, म्हणून माइस्टर, म्हणजे आमचा मुख्य मिस्त्री, रोज विचारतो आणि मी रोज हो म्हणतो.

७.३०

पहिलं गिऱ्हाईक पोर्श ७१८ केमनचं. पोर्शचा कारखाना याच शहरात, त्सुफेनहाउझेनला आहे, त्यामुळे इथं पोर्श बघून कुणी मान वळवत नाही. पण मालकाला ते कसं कळावं? साठीचे गृहस्थ, गाडी याच उन्हाळ्यात घेतलेली, खाली २० इंची चकचकीत रिम. म्हणाले, रिम हेच राहू द्या, फक्त टायर हिवाळी घाला.

माझं निम्मं काम इथं सुरू होतं आणि त्याला पाना लागत नाही. गाडी घेताना माणसानं हौसेनं जे जे वाढवून घेतलं, ते हिवाळ्यापुरतं एकेक पायरी खाली आणायला त्याला राजी करायचं. स्पोर्टी गाडीच्या हिवाळी टायरची सगळी निवड मला तरी एवढ्यातच आलेली दिसते.

कागद पुढे ओढून आकडे मांडले. आत्ताचा पुढचा टायर २३५/३५ आर २०. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ३५ टक्के, जेमतेम ८२ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/४५ आर १८ घेतला तर भिंत होते १०६ मिलिमीटर. बाहेरचा व्यास आधी साधारण ६७३, आता ६६९. चार मिलिमीटरच्या फरकानं स्पीडोमीटर बिघडत नाही. मागे २६५ रुंदीचे टायर आहेत, तिथंही हाच हिशेब जुळतो. चाक तेवढंच राहिलं, लोखंड कमी झालं, रबर वाढलं. खरं तर लोखंड नव्हे, अ‍ॅल्युमिनियम; पण आमच्या सांगलीच्या दुकानात रिमला लोखंडच म्हणत आणि जीभ काही बदलत नाही.

ही उंच भिंत का हवी? चिखलबर्फाखाली खड्डा दिसत नाही, आणि ८२ मिलिमीटरच्या भिंतीतून धक्का थेट रिमच्या ओठावर येतो. शिवाय रस्त्यावर मीठ टाकतात. यंत्रावर कातून चकाकी आणलेल्या रिमवर वरच्या लाखेला बारीकसा टवका उडाला की मीठ आत शिरतं, आणि वसंतात खाली पांढऱ्या अळ्यांसारखे डाग पसरलेले दिसतात.

हे त्यांना पटलं. अडलं ते स्टिकरवर. या मापाचा जो हिवाळी टायर मी सुचवत होतो त्याची वेगश्रेणी व्ही, म्हणजे ताशी २४० किलोमीटर. गाडी २७५ जाते. गाडीच्या कमाल वेगापेक्षा टायरची मर्यादा कमी असेल तर हिवाळी टायरला ते चालतं, मात्र चालकाच्या नजरेत राहील असा २४०चा स्टिकर लावावा लागतो. ‘माझ्या डॅशबोर्डवर?’ त्यांनी असं विचारलं, जणू मी दारावर जप्तीची नोटीस चिकटवत होतो. ऑटोबानवर जानेवारीत २४०च्या वर शेवटचं कधी गेलात, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला काही प्रश्न विचारायचे नसतात.

मग टायर कुठल्या घराण्याचा, हे ठरवायचं. हिवाळी टायरची ढोबळ दोन घराणी. एक उत्तरेकडचं: मऊ रबराचं, साचलेल्या बर्फासाठी, वेगमर्यादा बहुधा १६० ते १९०. फिनलंडच्या ज्या कारखान्यातून पुढे नोकियन टायर्स निघाली, त्यांनी १९३४ साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला. त्या देशात तसा टायर लागतोच. दुसरं घराणं मध्य युरोपचं: ओला डांबरी रस्ता, शून्याच्या आसपासची थंडी, मधूनच बर्फ आणि ऑटोबानचा वेग. श्टुटगार्ट शहर वाटीच्या तळाशी वसलेलं. वर आल्बवर बर्फ असतो तेव्हा खाली नुसता पाऊस पडतो. इथला खरा हिवाळा म्हणजे ३ ते ८ अंशांतला ओला रस्ता. तिथं उत्तरेकडचा टायर वळणावर अंग टाकतो. खिळ्यांच्या टायरचं तर नावच नको, जर्मनीत ते १९७५पासून बंद आहेत.

तेव्हा ठरलं दुसरं घराणं, बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांत हिमकणाचं चिन्ह, आणि पोर्शनं तपासलेल्या टायरवर असतं ते ‘एन’ अक्षर. पुढचे-मागचे एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. दुपारी एकची वेळ दिली.

१०.३०

मधले दोन-तीन तास साध्या गाड्यांचे. टायरांच्या ‘हॉटेल’मधून, म्हणजे गिऱ्हाइकांची चाकं ठेवायच्या गोदामातून, ज्याची त्याची चाकं काढायची, खडूनं लिहिलेलं पुढचं डावं, मागचं उजवं बघायचं, बदलायची, उन्हाळी चाकं धुऊन पुन्हा मांडणीवर. यात सांगण्यासारखं काही नाही.

साडेदहाला एक छोटी लाल माझदा एमएक्स-५ आली, चौथ्या पिढीची, छप्पर उघडणारी. उतरलेल्या माणसानं माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाला, ‘कुठले तुम्ही?’

‘सांगली. तुम्ही?’

‘चिंचवड. चाकणला होतो, आता इथं.’

चाकणहून श्टुटगार्टला येणारे इंजिनिअर आता नवलाचे राहिले नाहीत. मुंबई आणि श्टुटगार्ट ही तर १९६८पासून जुळी शहरं. याचा प्रश्न मात्र नेहमीचा नव्हता. गाडी जुनी घेतली, विकणाऱ्यानं तळघरातला हिवाळी टायरांचा एक संच फुकट दिला. सात मिलिमीटर नक्षी शिल्लक. चारही टायर मागच्या डिकीत आणि शेजारच्या सीटवर कोंबून आणले होते.

मी भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचले: ३८१६. म्हणजे २०१६ सालचा अडतिसावा आठवडा. आणि चिन्ह फक्त एम अधिक एस, म्हणजे ‘चिखल आणि बर्फ’, शिखरं-हिमकण नाही. ‘हे गेले,’ मी म्हटलं. २०१७ अखेरपर्यंत बनलेले असे टायर ३० सप्टेंबर २०२४पर्यंतच हिवाळी म्हणून चालत होते. आता बर्फात पोलिसांनी थांबवलं तर हे उन्हाळीच धरले जाणार.

‘अहो, पण सात मिलिमीटर आहे! पुण्यात याच्यावर माणूस अजून चार वर्षं काढेल.’

ते खरंच. सांगलीत काकांच्या दुकानात टायर गोटा होईपर्यंत गिऱ्हाईक सोडत नसे. इथं चार मिलिमीटर नक्षी असलेला हिवाळी टायर उतरवा म्हणून मलाच सांगावं लागतं. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर, पण तेवढ्या नक्षीत बर्फ धरायला जागाच उरत नाही. हे मला इथं येऊन कळलं: चिखलात नक्षीनं चिखल बाहेर फेकायचा असतो, बर्फात मात्र नक्षीनं बर्फ पोटात धरून ठेवायचा असतो. बर्फाची पकड बर्फावरच सगळ्यांत चांगली बसते. ठोकळ्यांवरच्या त्या नागमोडी बारीक चिरा असतात, त्या उघडतात, मिटतात आणि कडांनी रस्ता पकडतात.

‘आणि उन्हाळी टायरवर हळू चालवली तर?’

‘थंडीत खोबरेल थिजतं, तसं ते रबर होतं. हळू चालवाल हो, पण हळू थांबाल त्याचं काय?’

हसला. मग मागच्याच चाकांना हिवाळी घातले तर, कारण ताकद मागे जाते, असंही त्यानं विचारून पाहिलं. इंजिनिअर आहे, बचतीच्या सगळ्या वाटा तपासून बघणार. पण ब्रेक लावताना भार पुढे येतो आणि वळायचं काम पुढची चाकं करतात. मागून ढकललं जाणार आणि पुढून वळणार नाही, अशी गाडी कुणाला हवी? चारही हवेत आणि एकसारखे हवेत.

त्याच्या गाडीला कारखान्यातून १७ इंची, २०५/४५चे टायर होते. मी १६ इंची, १९५/५० सुचवले. जेमतेम टनभराची गाडी. तिला अरुंद टायर चिखलबर्फात खाली रस्त्यापर्यंत पोचायला बरा. मात्र दोन गोष्टी तपासायच्या. एक, ते माप गाडीच्या अनुरूपता-पत्रात आहे का. नोंदणीच्या कागदावर एकच माप छापतात, बाकीची या पत्रात असतात. दुसरं, ब्रेक. मोठ्या ब्रेकवर लहान रिम कॅलिपरला घासतं. म्हणून रिकामं रिम लावून हातानं पूर्ण फिरवून पाहिलं. बसलं. टायर शुक्रवारी येतील. ते जुने टायर मी ठेवून घेतले, विल्हेवाटीच्या पैशासकट. पैसे द्यावे लागतात म्हटल्यावर त्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला.

१२.१५

कोपऱ्यावरच्या खाणावळीत मसूर आणि श्पेट्झले. हे या भागाचं जुनं जेवण. सॉसेज बाजूला ठेवून वर लाल तिखट भुरभुरलं की खाता येतं.

१.००

केमन लिफ्टवर. लिफ्टचे हात पोर्शच्या ठरलेल्या टेकूंखाली रबरी गादी घालूनच, इकडेतिकडे टेकवलं की तळाचं आवरण गेलं. प्रत्येक चाकाचा एक बोल्ट चोरांसाठीचा, वेगळ्या दातांचा. त्याची चावी कुठे आहे हे मालकाला सहसा आठवत नाही. यांना आठवलं.

बोल्ट काढले, आणि एका भोकात लांब मार्गदर्शक खिळी फिरवून घातली. चाक तिच्यावर सरकत बाहेर येतं, ब्रेकच्या चकतीवर आपटत नाही. मागचं डावं चाक हबला चिकटलेलं होतं. शिकाऊ पोरगं पायानं लाथ मारायला निघालं, त्याच्या हातात रबरी हातोडा दिला. मग हबचा तोंडवळा तारेच्या ब्रशनं घासायचा. गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक तिरकं बसतं आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं, मग लोक बॅलन्सिंगला दोष देतात. हबच्या गळ्याला पेस्टचा पातळ हात. बोल्टच्या आट्यांना सहसा नाही, कारण तिथं वंगण लागलं की पाना खोटं बोलतो.

तिकडे नवे टायर १८ इंची रिमवर चढत होते. यंत्राच्या डोक्याला प्लास्टिकची टोपी, कडेला साबणाची पेस्ट. हवा भरली की कड आपल्या खोबणीत फाटकन् बसते. तो आवाज ३.३ बारच्या आत यायलाच हवा. नाही आला तर हवा सोडून पुन्हा पेस्ट. जोर करायचा नाही. बाण फिरण्याच्या दिशेनं आहे का, ते दोघांनी वेगवेगळं बघायचं. बॅलन्सिंगला आतल्या बाजूनं चिकटणारी जस्ताची वजनं, शिसं कधीच बंद झालं.

बोल्ट आधी हातानं फिरवायचे, निदान चार-पाच आटे. मग आडवे-तिरपे आवळायचे, आणि शेवटी गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क पान्यानं १६० न्यूटन-मीटर. हवेचा हिशेब वेगळा: आत २० अंश, बाहेर ४. दर दहा अंशांना साधारण ०.१ बार उतरतो, म्हणून थोडी चढी भरली.

उतरवलेली २० इंची चाकं गोदामाच्या गरम बाजूला. ट्रॅकवर चालतील असे काही उन्हाळी टायर कडाक्याच्या थंडीत नुसते पडून राहिले तरी तडकतात.

३.३०

गोल्फ आर, पोरगेला मालक. ताकद चारही चाकांना जाते म्हणून याला नवे हिवाळी टायरच नकोत. ताकद तुझ्या चारांना, पण ब्रेक सगळ्यांच्याच चारांना, असं माइस्टर त्याला दर वर्षी सांगतो. त्याच्या जुन्या हिवाळी टायरांची नक्षी भरली ३ मिलिमीटर. नाताळात तिरोलला स्कीइंगला जाणार आहे, आणि ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरच्या खालचा टायर हिवाळी धरतच नाहीत. इतका वेळ कशालाच न बधलेला गडी परदेशी दंडाला बधला. त्याच्या गाडीत चाकांत सेन्सर नसतात, एबीएसच चाकांच्या फिरण्यावरून हवा ओळखतं. मेनूत जाऊन नवा दाब जतन केला, झालं.

५.१०

केमनवाले परत आले. ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात, बहुतेक लोक पुढच्या आठवड्यात येतात. हे आजच आल्बवर चढून उतरून आले. एकही बोल्ट हलला नाही. तक्रार एकच, स्टिअरिंग सुस्त झालंय. झालंच आहे. भिंत उंच आणि ठोकळे चिरांनी कापलेले, तेव्हा हाताचं ऐकायला टायर क्षणभर वेळ घेणार. पहिले काही शे किलोमीटर जपून चालवा, मग थोडं घट्ट वाटेल, उन्हाळ्यासारखं मात्र वाटणार नाही. स्टिकर त्यांनी स्टिअरिंगच्या मागे इतका खाली लावला होता की बघायला मान वाकवावी लागली. मी काढून वर लावला. ते बघत राहिले, बोलले नाहीत.

टेलिफोन अजून चालूच. शेवटच्या बाईंना पहिली मोकळी वेळ सांगितली, १२ नोव्हेंबर.

‘आणि तोवर बर्फ पडला तर?’

‘तर ट्रामनं जा बाई, तिला टायरच नसतात.’