काळी माती, रेव आणि कातळ : तेल्हाऱ्याहून सातपुड्याकडे मोटारसायकलने

तेल्हाऱ्याहून उत्तरेला सातपुड्याकडे जाताना मोटारसायकलच्या चाकाखाली तीन तऱ्हेची जमीन येते. आधी पूर्णा खोऱ्यातली काळी कपाशीची माती, मग डोंगराच्या पायथ्याचे गोटे आणि रेव, आणि शेवटी घाटातला कातळ. डांबरी रस्ता सोडून पांदण, गाडरस्ता आणि नाल्याच्या पात्रातून गटाने केलेल्या प्रवासाला ऑफ-रोड सफर म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या ओसाड मुलखात कॅनिंग स्टॉक रूटसारखी सुमारे १८५० किलोमीटरची वाट अशा सफरींसाठी जगभर प्रसिद्ध आहे. वऱ्हाडात तेवढे अंतर नाही आणि तसा निर्मनुष्य प्रदेशही नाही. पण जमीन इतक्या थोड्या अंतरात बदलत असल्याने चालवणाऱ्याचे कसब इथेही पुरते पणाला लागते.

काळी माती

या मातीतले चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून पावसाळ्यात तिचा गारा होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ओली माती टायरच्या खाचा भरून टाकते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये साचत जाते आणि अखेर चाक फिरायचेच थांबते. अशा वेळी इंजिनाची ताकद उपयोगी पडत नाही. उतरून काडीने माती खरवडावी लागते. पावसाळ्यात पांदणीत मोटारसायकल घालू नये हे शहाणपण शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

दिवाळीनंतर माती वाळते, पण ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तशाच टणक होऊन राहतात. पुढचे चाक चाकोरीत उतरले की हँडल जोराने वळवून ते बाहेर काढण्याचा मोह होतो आणि तिथेच गाडी आडवी होते. चाक चाकोरीतच सरळ चालू द्यावे, नजर चाकाजवळ न ठेवता दूर ठेवावी आणि चाकोरी उथळ होईल तिथे बाहेर पडावे.

पायथ्याची रेव

सातपुड्यातून वेगाने उतरणारे ओढे सपाटीवर येताच मंदावतात आणि सोबत आणलेले दगड पायथ्याशी टाकतात. मोठे धोंडे डोंगराजवळ राहतात, बारीक रेती पुढे वाहत जाते. वारी भैरवगडजवळ ज्या वान नदीवर हनुमान सागर धरण बांधले आहे, ती याच पट्ट्यात मैदानावर उतरते.

सुट्या गोट्यांवर गाडी सतत हलते आणि ते हलणे स्वाभाविक असते. चालवणारा फुटरेस्टवर उभा राहतो, गुडघ्यांनी टाकी धरतो आणि हात सैल ठेवतो, म्हणजे गाडी अंगाखाली हलत असली तरी तोल जात नाही. थ्रॉटल एकसारखा ठेवावा लागतो. घाबरून तो एकदम सोडला की भार पुढे येतो आणि पुढचे चाक रेतीत रुतते. पुढचा ब्रेकही इथे अगदी हलक्या हाताने वापरायचा असतो.

पाणी ओलांडण्यापूर्वी एकाने पायी जाऊन खोली, तळ आणि ओढ पाहणे आवश्यक असते. इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर स्टार्टर दाबू नये. स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर काढल्यावरच गाडी सुरू करावी, नाहीतर आतले भाग वाकतात.

घाटातला कातळ

त्यापुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट लागतो. हा मुलूख किती अवघड आहे याची साक्ष इतिहासातही मिळते. तेल्हारा तालुक्यातल्या अडगाव इथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे गाविलगडाला वेढा घालताना इंग्रजी फौजेला डोंगरात स्वतः वाट करून, जड तोफा हातांनी ओढत न्याव्या लागल्या. १५ डिसेंबरला गड पडला.

कातळाच्या चढावर मध्येच थांबणे धोक्याचे, म्हणून पुढची गाडी माथ्यावर पोचेपर्यंत मागच्याने चढायला सुरुवात करायची नसते. उतारावर पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर गाडी सोडावी. क्लच दाबला की तो रोध नाहीसा होतो आणि गाडी पळू लागते.

गाडी आणि गट

अशा वाटेला जमिनीपासून उंच आणि वजनाने आटोपशीर गाडी सोयीची. भारतात २०१६ साली आलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन आणि २०१९ साली आलेली हीरो एक्सपल्स २०० या दोन्ही गाड्यांचा तळ जमिनीपासून सुमारे २२० मिलिमीटर उंच आहे. हिमालयनचे वजन मात्र २०० किलोच्या घरात, तर एक्सपल्सचे दीडशेच्या जवळपास आहे. पडलेली गाडी दिवसातून चार वेळा उचलायची असते तेव्हा हा फरक फार जाणवतो. रेतीत टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते; धारदार कातळावर तीच कमी हवा रिम चेपवते आणि ट्यूब फोडते. म्हणून हवेचा पंप, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, क्लचची केबल, साखळीची कडी आणि दोर ही शिदोरी गटाकडे हवीच.

सहा ते आठ गाड्यांचा गट सांभाळायला सोपा जातो. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे दुरुस्ती येणारा अनुभवी माणूस. ऑस्ट्रेलियातल्या गटांत रुळलेली एक पद्धत इथेही तितकीच उपयोगी आहे. फाटा आला की म्होरक्याच्या मागचा स्वार तिथे थांबतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि शेवटचा माणूस आल्यावरच हलतो. पुढच्या फाट्यावर हे काम दुसऱ्याकडे जाते. त्यामुळे धुळीत अंतर ठेवूनही कोणी चुकत नाही. गटाचा वेग सर्वांत नवख्याच्या वेगाने ठरला पाहिजे. त्याला ताणले की तो थकतो, थकला की पडतो आणि मग सगळ्यांचाच दिवस थांबतो.

ऋतू, पाणी, उपचार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात अकोला जिल्ह्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हेल्मेट-जॅकेटमध्ये उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असते, त्यामुळे पिण्याचे पाणी बरोबरच घ्यावे. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. नकाशे आधी उतरवून ठेवावेत आणि परतीची वेळ मागे कुणाला तरी सांगून जावे. अपघातात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, पण ती डांबरी रस्त्यावर. तिथपर्यंत जखमीला आणण्याची तयारी गटाचीच असावी लागते.

चाक कुठे थांबावे

उत्तरेकडचा मोठा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. १९७३-७४ मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. वान अभयारण्य आणि नरनाळा किल्ला त्याच्याच क्षेत्रात आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि जंगलातली मोकळी दिसणारी वाट म्हणजे गाडी नेण्याची मुभा नव्हे. इंजिनाचा आवाज आणि चाकाने उकरलेला उतार यांचा त्रास तिथल्या जनावरांना आणि मातीला गट निघून गेल्यावरही सोसावा लागतो. म्हणून सार्वजनिक रस्ते आणि पांदणींपुरतीच सफर आखावी.

शेतातही हाच विवेक हवा. गावनकाशातली पांदण सर्वांची असते, धुरा मात्र शेतकऱ्याचा. धुऱ्यावरून गाडी घातली तर बांध फुटतो. कपाशीत घातली तर कुणाच्या तरी वर्षाच्या मेहनतीचे नुकसान होते. बैलजोडी समोर आली तर इंजिन बंद करून बाजूला थांबावे, वस्तीतून हळू जावे आणि वाट विचारून घ्यावी. त्या शिवारात राबणाऱ्या माणसाइतकी ती वाट दुसऱ्या कोणालाच माहीत नसते.