विजेची करवत : धार असेल, तरच सुरक्षित

पावसाळा तोंडावर आला, की छपरावर झुकलेल्या फांद्या आठवतात. मग माळ्यावर वर्षभर पडून असलेली विजेची करवत, म्हणजेच इलेक्ट्रिक चेनसॉ, खाली काढली जाते. प्लग लावून बटण दाबावे, तर ती लाकूड कापण्याऐवजी जाळू लागते. आपण आणखी जोर लावतो आणि नेमका तेव्हाच हात निसटतो. बोथट करवत धारदार करवतीपेक्षा अधिक धोक्याची असते. म्हणून कामानंतरची दहा मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवावीत.

देखभालीला हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. हातात जाड मोजे घालावेत.

तेल : ‘विजेवर चालते, मग तेल कशाला?’ असा अनेकांचा समज असतो. पेट्रोल लागत नाही हे खरे. पण साखळी पात्याच्या खाचेतून वेगाने धावते. तेल नसेल, तर दोन्ही तापून झिजतात. प्रत्येक वेळी टाकी तपासावी व चेनसॉसाठी मिळणारे चिकट तेल भरावे. गाडीतून काढलेले काळे ऑइल वापरू नये. पात्याचे टोक जमिनीवरच्या जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर वर धरून करवत थोडा वेळ चालवावी. कागदावर तेलाची रेघ उमटली, की समजावे तेल पोहोचते आहे.

ताण : साखळी थंड असताना पात्याच्या मधोमध धरून हलकेच ओढावी. सोडताच जागेवर बसली आणि हाताने सहज सरकली, तर ताण योग्य. खाली लोंबत असेल, तर आवळावी. काम चालू असताना तापलेली साखळी आवळली असेल, तर काम संपताच सैल करावी. थंड होताना ती आकसते.

धार : भुसा पाहा. जाडसर किस पडला तर धार आहे, पिठासारखी भुकटी पडली तर गेली. माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाची गोल कानस घेऊन प्रत्येक दातावर आतून बाहेर, सारख्याच वेळा फिरवावी. दात लहानमोठे झाले, तर करवत एका बाजूला ओढते.

सफाई : खाचेतला आणि झाकणाखालचा तेलकट भुसा ब्रशने काढावा. मोटरला हवा देणारी छिद्रे मोकळी ठेवावीत. करवत पाण्याने कधीही धुऊ नये. अधूनमधून पाते उलटून बसवावे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

वायर : वायरला चीर दिसली, तर ती बदलून घ्यावी. एक्स्टेन्शनची वायर पुरेशी जाड असावी आणि रिळावरून पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर तापते. पावसात किंवा ओल्या गवतावर करवत चालवू नये.

शेवटी पात्यावर म्यान चढवून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी करवत ठेवावी. पुढच्या वर्षी ती खाली काढाल, तेव्हा जोर लावण्याची वेळ येणार नाही.